पन्नास मिनिटांच्या नाटकाची नोंद

मोठ्या रंगमंचावरच्या नाटकाविषयी एखाद्या परीक्षकाने काहीच लिहिले नाही, तरी त्या नाटकाचे फारसे बिघडत नाही. त्याच्या जाहिराती छापून येतात, छायाचित्रे निघतात, कलावंतांच्या मुलाखती होतात, कधी संहिता पुस्तकरूपाने येते, आणि हजारो प्रेक्षकांच्या बोलण्यात ते वर्षानुवर्षे राहते. फ्रिंज महोत्सवात, म्हणजे निवड समिती नसलेल्या छोट्या नाटकांच्या महोत्सवात, एखाद्या तळघरातल्या खोलीत वीस-पंचवीस खुर्च्यांसमोर सहा-सात वेळा होऊन गेलेल्या एकपात्री प्रयोगाच्या वाट्याला यातले जवळजवळ काहीच येत नाही. त्याची संहिता बहुधा कलावंताच्या संगणकावरच राहते, नेपथ्य म्हणून वापरलेली खुर्ची त्या जागेच्या मालकाची असते, आणि पाहणारे लोक तासाभरात दुसऱ्या खोलीत दुसरे नाटक पाहत बसलेले असतात. अशा प्रयोगाविषयी कोणीतरी लिहिलेले तीनशे-चारशे शब्द हीच पुष्कळदा त्याची एकमेव नोंद ठरते. मी गेली काही वर्षे अशा छोट्या नाटकांविषयी लिहितो आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. परीक्षकाने आधी त्या खोलीत नेमके काय घडले ते नीट लिहून ठेवावे. निवाडा त्यातूनच निघावा, आणि तो निघाला नाही तर वरून चिकटवू नये.

हे महोत्सव मुळात कोणी बोलावले नसताना आलेल्यांचे आहेत. १९४७ साली स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा निमंत्रण नसलेली आठ नाट्यमंडळे तिथे पोहोचली आणि मिळतील त्या जागा घेऊन त्यांनी आपापले प्रयोग केले. पुढे १९५८ साली या मंडळींची संस्था स्थापन झाली. तिने माहितीपुस्तिका काढणे, तिकीटविक्रीची सोय करणे अशी कामे आपल्याकडे घेतली, पण कोणाचे नाटक घ्यायचे आणि कोणाचे नाही हे ठरवणारी समिती नेमण्याचे मात्र तिने जाणीवपूर्वक टाळले. आजही ज्याला जागा मिळते आणि जो नोंदणीचे पैसे भरतो तो तिथे प्रयोग करू शकतो, आणि ऑगस्टमधल्या साधारण तीन आठवड्यांत तिथे ३,००० हून अधिक वेगवेगळे कार्यक्रम होतात. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचा फ्रिंज महोत्सव १९६० सालापासूनचा आहे. फ्रान्समधील आव्हिन्यों येथे १९६६ साली नाटककार आंद्रे बेनेदेत्तो यांनी मुख्य महोत्सवाच्या बाहेर आपले नाटक सादर केले आणि तिथला ‘ऑफ’ महोत्सव त्यातून वाढत गेला. एडमंटनला १९८२ साली सुरू झालेल्या महोत्सवाच्या वाटेने गेलेल्या कॅनडातील अनेक फ्रिंज महोत्सवांत तर प्रवेश सोडत काढून दिला जातो, आणि तिकिटाची कलावंताने ठरवलेली रक्कम पूर्णपणे कलावंतालाच मिळते.

निवड न करण्याच्या या तत्त्वाचा मला मनापासून आदर आहे, आणि परीक्षकाच्या कामावर त्याचा थेट परिणाम होतो हेही मी रोज अनुभवतो. इतरत्र एखादे नाटक परीक्षकासमोर येते तोपर्यंत ते निर्माता, नाट्यगृहाची व्यवस्था, अनुभवी दिग्दर्शक अशा अनेक चाळण्यांतून गेलेले असते. इथे लेखक, दिग्दर्शक आणि नट एकच व्यक्ती असते, आणि मित्रमंडळी सोडली तर त्या संहितेकडे परक्या नजरेने पाहणारा पहिला माणूस कित्येकदा परीक्षकच असतो. अशा वेळी नवोदित म्हणून सवलतीचे गुण देण्याचा मोह होतो, किंवा मोठ्या नाट्यगृहातल्या नाटकाची फूटपट्टी लावून सगळेच खुजे ठरवण्याचा मोह होतो. सवलतीचे गुण कलावंतालाही लगेच ओळखू येतात आणि त्यांचा त्याला काही उपयोग होत नाही. मोठी फूटपट्टी लावणाऱ्याला तर समोरचे नाटक दिसतच नाही, कारण ते कोणत्या अटींवर उभे आहे याची त्याने दखलच घेतलेली नसते.

या अटी जवळून पाहण्यासारख्या असतात. एकाच खोलीत दिवसभरात सात-आठ नाटके होतात, प्रत्येकाला साधारण तासाभराची वेळ असते, आणि दोन नाटकांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे मिळतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत आधीच्या मंडळींनी आपले सामान उचलायचे, खोली झाडायची, पुढच्यांनी आपले सामान लावायचे, दिव्यांची आणि आवाजाची एकदा चाचणी घ्यायची आणि दार उघडायचे. दिवे सगळ्यांसाठी समान टांगलेले असतात, त्यामुळे कोणालाही आपल्या नाटकापुरती वेगळी प्रकाशयोजना करायची झाली तर ती त्या ठरावीक आठ-दहा दिव्यांच्या मेळातूनच करावी लागते. मागच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला एकच तंत्रज्ञ दिवेही सांभाळतो आणि ध्वनीही, आणि प्रत्येक नाटकासोबत त्याची पूर्ण तालीम जेमतेम एकदा झालेली असते. विंगा नसतात, पडदा नसतो, आणि कित्येकदा नट आत येतो ते दार आणि प्रेक्षक आत येतात ते दार एकच असते. या अडचणींचे कौतुक करावे असे माझे म्हणणे नाही. पण प्रवेश संपताना दिवा दोन सेकंद उशिरा विझला, या गोष्टीवर परीक्षणातले एक वाक्य खर्च करणाऱ्या माणसाने आपण कुठे बसलो आहोत हे पाहिलेले नाही, असे मला नक्की वाटते. त्याउलट ज्या दिग्दर्शिकेने या आठ दिव्यांतला एकच दिवा निवडून संपूर्ण नाटक त्याच्या कडेने, म्हणजे अर्धे उजेडात आणि अर्धे अंधारात बसवले, तिने हाती असलेल्या सामग्रीचा विचार केला आहे, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे.

एक उदाहरण विस्ताराने देतो. आई गेल्यानंतर घर रिकामे करायला आलेल्या दोन बहिणींचे एकपात्री नाटक मी एका महोत्सवात पाहिले. रंगमंचावर एक खुर्ची, कपड्यांनी भरलेली ट्रंक आणि एक मोठी पांढरी चादर, एवढेच होते. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसे लागतात, या साध्या गोष्टीवर त्या लेखिकेने, जी स्वतःच अभिनय करत होती, सगळे नाटक उभे केले होते. तिने चादरीचे एक टोक खुर्चीच्या पाठीला बांधले आणि दुसरे हातात धरून ती धाकटीची वाक्ये बोलू लागली. थोरलीची पाळी आली की ती चादरीखालून वाकून पलीकडे जायची, खुर्चीच्या पाठीशी उभी राहायची आणि तिथून बोलायची. प्रत्येक वेळी वाकताना तिच्या डोक्यावरून चादर घसरायची आणि बाहेर येणारा चेहरा दुसऱ्या बहिणीचा झालेला असायचा. भांडण वाढत गेले तशी चादर ताणली जाऊ लागली, खुर्ची इंचाइंचाने सरकू लागली, आणि लाकडी जमिनीवर तिच्या पायांची कुरकुर संवादांच्या मधल्या जागांत ऐकू येऊ लागली. शेवटच्या महिन्यात कोण आले आणि कोण आले नाही हा विषय निघाला तेव्हा खुर्ची पडली. यानंतर बराच वेळ ती सैल पडलेली चादर हातात घेऊन नुसती उभी राहिली, आणि ही आता थोरली आहे की धाकटी, हे त्या नाटकात पहिल्यांदाच आम्हाला कळेना.

आता याविषयी ‘चादरीचा प्रतीकात्मक वापर प्रभावी ठरला’ असे लिहिता येते, आणि पुष्कळ परीक्षणांत असेच लिहिलेले असते. हे वाक्य कोणत्याही नाटकातल्या कोणत्याही वस्तूला लावता येईल, म्हणून ते कोणत्याच नाटकाविषयी नाही. याउलट खुर्चीला बांधलेले टोक, चादरीखालून वाकून जाणे, पायांची कुरकुर आणि ते न ओळखता येणारे उभे राहणे, हे चार तपशील ओळीने लिहिले की ज्याने नाटक पाहिलेले नाही त्यालाही त्याची रचना दिसते. शिवाय हे वर्णन पुढच्या टीकेचाही आधार होते. त्या प्रसंगानंतर नाटक संपायला हवे होते, पण ट्रंकेतून आईचे एक पत्र निघाले आणि पुढची दहाएक मिनिटे त्या पत्राने दोन्ही बहिणींच्या स्वभावाचा उलगडा करून सांगितला. चादरीने जे आधीच दाखवले होते तेच पत्राने पुन्हा शब्दांत सांगितले, आणि नटीच्या हाताला करायला काही उरले नाही. ‘शेवट लांबला’ असे नुसते लिहिले असते तर ते माझे मत झाले असते. चादरीविषयी आधी लिहिल्यामुळे पत्र का नको होते हे वाचक स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकला, आणि माझे पटले नाही तर मला खोडूनही काढू शकला.

एकपात्री प्रयोग पाहताना मी एका प्रश्नापासून सुरुवात करतो: हा माणूस कोणाशी बोलतो आहे? अनेक पात्रे असलेल्या नाटकात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण समोर दुसरे पात्र असते. एकट्या नटाला मात्र आपला ऐकणारा स्वतः घडवावा लागतो. तो ऐकणारा कधी रिकाम्या खुर्चीवर बसलेला न दिसणारा माणूस असतो, कधी दूरध्वनीच्या पलीकडे असतो, कधी न्यायाधीश असतो, कधी स्वतः प्रेक्षक असतात. ज्या एकपात्री नाटकाने हे ठरवलेले नसते ते दहाव्या मिनिटाला डगमगू लागते, कारण नटाची नजर ठरत नाही. ती भिंतीवर कुठेतरी, प्रेक्षकांच्या डोक्यांच्या थोडी वर जाऊन थांबते, आणि नट माहिती देऊ लागतो. ब्रिटिश लेखिका-अभिनेत्री फीबी वॉलर-ब्रिज यांचे एकपात्री ‘फ्लीबॅग’ २०१३ साली एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवात झाले तेव्हा रंगमंचावर एक बाई, एक उंच बैठक आणि ध्वनिमुद्रित आवाज एवढेच होते. त्याची मूळ कल्पना दहा मिनिटांच्या एका छोट्या सादरीकरणातून आली होती. २०१६ साली त्याची दूरचित्रवाणी मालिका झाली तेव्हा रंगमंचावर प्रेक्षकांशी थेट बोलणाऱ्या त्या बाईचे कॅमेऱ्याकडे वळून बोलणे हाच मालिकेचा कणा झाला. माध्यम बदलले, अनेक पात्रे प्रत्यक्ष दिसू लागली, तरी ती कोणाशी बोलते हे आधीपासून ठरलेले असल्यामुळे तो धागा तुटला नाही. छोट्या प्रयोगाच्या परीक्षणात कथानकाचा गोषवारा देण्याऐवजी या ऐकणाऱ्याविषयी दोन वाक्ये लिहिली, तर ती लेखकाच्याही कामी येतात.

एका नटाने पाच पात्रे केली याचेही असेच आहे. पाच आवाज काढता येणे ही नकलेची हातोटी झाली. त्यापेक्षा नट एका पात्रातून दुसऱ्यात कोणत्या क्षणी आणि कशाच्या आधाराने जातो हे पाहण्यात मला अधिक रस असतो. काही जण वाक्य पूर्ण करून, क्षणभर थांबून, अंग वळवून दुसरे पात्र होतात, आणि ते स्वच्छ दिसते. पण एका तरुण नटाला मी पाहिले, तो दुसऱ्या पात्राचे ऐकणे आधी करायचा आणि बोलणे नंतर. बाप ओरडत असतानाच त्याचा खांदा मुलाच्या खांद्यासारखा आक्रसायचा, म्हणजे एकाच देहात काही क्षण बापाचा आवाज आणि मुलाचा खांदा एकत्र असायचे. हे लिहून ठेवले नाही तर ते कुठेच राहणार नाही.

सगळ्यांत कठीण परीक्षण असते ते स्वतःच्या आयुष्यातल्या दुःखावर उभ्या केलेल्या एकपात्री प्रयोगाचे. अशा महोत्सवांत ही नाटके मोठ्या संख्येने असतात आणि असावीत, कारण ज्यांना मोठ्या संस्था जागा देत नाहीत त्यांना इथे बोलता येते. आजारपण, छळ, स्थलांतर, घरातली हिंसा यांविषयी एखादी व्यक्ती आपल्यापासून चार फुटांवर उभी राहून स्वतःच्या नावाने बोलते तेव्हा लेखणी अवघडते. मग परीक्षणात तिच्या धैर्याची प्रशंसा होते आणि नाटकाविषयी अवाक्षरही निघत नाही. मला ही प्रशंसा त्या कलावंताचा नकळत केलेला अवमान वाटतो. तिला नुसते सांगायचे असते तर तिने तालमी केल्या नसत्या, दिव्यांच्या जागा ठरवल्या नसत्या, कोणता प्रसंग आधी आणि कोणता नंतर याचा विचार केला नसता. तिने नाटक केले आहे, आणि तिला उत्तरही नाटकाविषयीच मिळाले पाहिजे.

बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाच्या शाळेतल्या दिवसांवर त्याच माणसाने मोठेपणी केलेला प्रयोग मला या संदर्भात नेहमी आठवतो. लहानपणचे अडखळणे तो विलक्षण अचूकतेने करायचा. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडकलेला श्वास, मानेची शीर, आणि अवघड शब्द टाळून दुसरा सोपा शब्द शोधणारी नजर, सगळे दिसायचे. मात्र या प्रसंगांच्या मधले निवेदन तो अस्खलित करायचा. आजचा हा अस्खलितपणा त्या माणसाने मिळवलेला आहे, की पाठांतरामुळे केवळ त्या पन्नास मिनिटांपुरता आलेला आहे, हा प्रश्न नाटकाच्या पोटात होता आणि नाटकाने त्याला हात लावला नाही. मी परीक्षणात हेच लिहिले. त्याच्या बालपणाविषयी मी कोणताही निवाडा दिला नाही, तो देण्याचा मला अधिकारही नव्हता. त्याने निवेदकाला दिलेला आवाज हा मात्र त्याचा कलात्मक निर्णय होता आणि त्याविषयी बोलणे माझे काम होते. माझ्या मते परीक्षकाने राखायची सीमारेषा हीच आहे: अनुभव ज्याचा त्याचा असतो, पण त्याची मांडणी रंगमंचावर आणली की ती सगळ्यांसमोर येते.

ताऱ्यांविषयी थोडक्यात लिहितो. पाचपैकी किती तारे, या पद्धतीने छोट्या नाटकांचे मोठे नुकसान केले आहे. एडिनबरोत चांगले परीक्षण छापून आले की मंडळी रात्रीतून त्यातले तारे आणि एखादे वाक्य कागदाच्या पट्टीवर छापून आपल्या भित्तिपत्रकांवर चिकटवतात. चार आणि पाच तारे भिंतीवर जातात, तीन तारे कुठेच जात नाहीत. त्यामुळे ज्या नाटकात एक अप्रतिम प्रसंग आणि तीन कच्चे प्रसंग आहेत, त्याच्या वाट्याला येणारे तीन तारे म्हणजे जवळजवळ मौन. आणि फ्रिंजमधली निम्म्याहून अधिक लक्षात राहण्याजोगी नाटके याच जातीची असतात, असे माझे मत आहे. इतक्या कार्यक्रमांतून वाट काढणाऱ्या प्रेक्षकाला झटपट खूण हवी असते हे मला मान्य आहे. त्यासाठी मी पहिल्या परिच्छेदातच नाटक कशाविषयी आहे, किती वेळाचे आहे आणि कोणत्या प्रेक्षकाने ते चुकवू नये हे सांगतो. तारे देण्याचा आग्रह असेल तिथे लिहायचे मी टाळतो.

परीक्षणाने नाटकाचे नशीब पालटल्याची उदाहरणे नेहमी सांगितली जातात. १९६६ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी एडिनबरोच्या फ्रिंजमध्ये टॉम स्टॉपर्ड यांचे ‘रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ केले. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये रोनाल्ड ब्रायडन यांनी त्याविषयी उत्साहाने लिहिले, ते वाचून नॅशनल थिएटरच्या केनेथ टायनन यांनी संहिता मागवली, आणि पुढच्याच वर्षी ते नाटक लंडनमध्ये ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर आले. मला मात्र त्याआधीचे, फ्रिंजबाहेरचे एक उदाहरण अधिक शिकवते. १९५८ साली हॅरल्ड पिंटर यांचे ‘द बर्थडे पार्टी’ लंडनमध्ये आठवडाभरात बंद पडले. ‘संडे टाइम्स’मध्ये हॅरल्ड हॉब्सन यांनी लेखकाच्या प्रतिभेची ठाम बाजू घेणारे परीक्षण लिहिले, पण ते छापून आले रविवारी आणि नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला होता शनिवारी. त्या परीक्षणाने एकही तिकीट विकले गेले नाही. तरीही नाटक आणि लेखक या दोघांविषयी ते टिकून राहिले. फ्रिंजमधल्या बहुतेक परीक्षणांची स्थिती अशीच असते: आपण लिहून होईपर्यंत प्रयोगांतले निम्मे संपलेले असतात, म्हणून तिकीटविक्रीपलीकडे उपयोगी पडेल असे काहीतरी त्या मजकुरात असावे लागते.

खोली लहान असते तेव्हा परीक्षकही रंगमंचाचा भाग होतो, हेही लक्षात ठेवावे लागते. सात प्रेक्षक असले तर नटाला सातही चेहरे दिसतात, आणि त्यातला एक चेहरा वहीत खुपसलेला असेल तर तो नटाला सर्वांत आधी दिसतो. म्हणून मी प्रयोग चालू असताना लिहीत नाही. बाहेर आल्यावर जिन्यात किंवा मिळेल त्या कठड्यावर बसून पहिल्या दहा मिनिटांत हालचाली, वस्तू, वाक्यांचा क्रम असे फक्त तपशील उतरवतो. मते त्यानंतर कितीही वेळाने लिहिली तरी चालतात, पण नटीने चादर कोणत्या हातात धरली होती हे संध्याकाळपर्यंत विसरायला होते. सुरुवातीचे सवलतीच्या दरातले प्रयोग परीक्षणासाठी पाहू नयेत, हा संकेत मी पाळतो, कारण त्या दिवसांत नाटक अजून त्या खोलीत स्थिरावलेले नसते. प्रेक्षक किती होते हे परीक्षणात लिहू नये असे मला वाटते, कारण ती आकडेवारी नाटकाविषयी काहीच सांगत नाही आणि कलावंताला उगाच लागते. दिवे आणि ध्वनी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव मात्र मी विचारून घेतो आणि लेखक-दिग्दर्शकांच्या नावांच्या ओळीत देतो. सोबत तारीख, जागा आणि प्रयोगाची लांबीही.

शेवटी निवडीचा प्रश्न उरतो, आणि खरे तर परीक्षकाची जबाबदारी तिथूनच सुरू होते, कारण जे नाटक पाहिलेच नाही त्याच्याविषयी काही लिहिले जाणार नाही. माहितीपुस्तिकेत प्रत्येक नाटकाला चार-पाच ओळी मिळतात, आणि ज्यांना जाहिरातीची भाषा येते त्यांच्या ओळी चांगल्या असतात. पहिल्या तीन दिवसांत कोणाविषयी तरी चार माणसे चांगले बोलली की सगळे परीक्षक त्याच दिशेने जातात आणि एकाच नाटकावर दहा परीक्षणे छापून येतात, तर शेजारच्या खोलीतले नाटक एकाही ओळीशिवाय संपते. मी अर्धी यादी आधी ठरवतो आणि अर्धी मोकळी ठेवतो. महोत्सवाच्या मध्यावर मी आजवर कोणाकोणाविषयी काहीच छापून आलेले नाही हे शोधतो, आणि उरलेल्या दिवसांतल्या मोकळ्या वेळा त्या नाटकांना देतो. त्यातली काही कंटाळवाणी निघतात, आणि तसे कारणांसकट लिहिण्याला माझी हरकत नसते. चादरीचे ते नाटक मला याच यादीत सापडले होते. त्याचे तेव्हा दोन प्रयोग उरले होते, आणि त्याच्याविषयी माझ्याखेरीज कोणी लिहिल्याचे मला पुढेही कुठे आढळले नाही.